मॅमोग्राफीला जाण्याआधी

१. तक्रार नसताना तपासणी कशासाठी?

गाठ लागत नाही, दुखत नाही, स्राव नाही. मग स्तनांची तपासणी करायची कशासाठी? मॅमोग्राफीचे नाव निघाले की पहिला प्रश्न हाच येतो. त्याचे उत्तर स्तनाचा कॅन्सर कसा वाढतो यात आहे. हाताला लागेल एवढी गाठ तयार होण्याआधी ही वाढ बराच काळ, कधी काही वर्षे, स्तनात असू शकते. या काळात ती सहसा दुखत नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही. याच टप्प्यात ती सापडली तर शस्त्रक्रिया लहान होते, अनेकदा स्तन वाचवता येतो आणि पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. हाताला न लागणारी वाढ क्ष-किरणांनी टिपण्याची तपासणी म्हणजे मॅमोग्राफी.

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. मृत्यूंचे प्रमाण इतके मोठे असण्यामागचे एक मोठे कारण म्हणजे रुग्ण उशिरा, आजार पसरल्यावर रुग्णालयात पोहोचतात.

मॅमोग्राफी दोन कारणांनी केली जाते आणि त्यांतला फरक आधीच समजलेला बरा. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रीची ठरावीक काळाने केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्वचा जाड होणे किंवा तिच्यावर खळगे पडणे, काखेत गाठ येणे अशी तक्रार असताना केलेली तपासणी निदानासाठी असते. निदानाच्या तपासणीत जास्त फोटो घेतले जातात आणि बहुधा सोनोग्राफीही होते. म्हणून तक्रार असेल तर ती नाव नोंदवतानाच सांगावी. तक्रार लपवून स्क्रीनिंगच्या रांगेत उभे राहिले तर तपासणी अपुरी राहू शकते.

२. यंत्र नेमके काय टिपते?

स्तनात मुख्यतः दोन प्रकारच्या ऊती असतात : चरबी, आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथी व त्यांना आधार देणारे तंतू. क्ष-किरण चरबीतून सहज पार जातात, त्यामुळे फोटोत ती काळपट दिसते. ग्रंथी आणि तंतू किरण अडवतात, म्हणून ते पांढरे दिसतात. कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. रेडिओलॉजिस्ट तिचा आकार, कडा आणि आजूबाजूच्या ऊतींची ओढाताण पाहतो. गुळगुळीत, रेखीव कडांची गाठ बहुधा साधी असते. वेड्यावाकड्या किंवा काटेरी कडा दिसल्या की शंका घेतली जाते.

दुसरी महत्त्वाची खूण म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण. बर्लिनचे शल्यविशारद अल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे क्ष-किरण फोटो तपासले, तेव्हा असे कण कॅन्सरग्रस्त भागात त्यांच्या नजरेला आले होते. आज हाताला अजिबात न लागणारे, अगदी सुरुवातीचे कॅन्सर कित्येकदा याच कणांमुळे सापडतात. मात्र असे बहुतेक कण निरुपद्रवी असतात. वय वाढल्यावर, जुन्या दुखापतीमुळे किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही ते जमतात. कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याशी किंवा दूध पिण्याशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे अहवालात 'कॅल्सिफिकेशन' हा शब्द दिसला म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

३. स्तन दाबतात कशासाठी?

मॅमोग्राफीबद्दलची सर्वांत मोठी धास्ती दाबण्याची असते. तांदळाच्या ढिगात खडा दिसत नाही. तेच तांदूळ ताटात पातळ पसरले की दिसतो. स्तनाचेही तसेच आहे. तो दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबला की एकावर एक आलेल्या ऊती पसरतात आणि त्यांच्याआड काही लपून राहत नाही. जाडी कमी झाल्यामुळे किरणही कमी लागतात आणि स्तन हलत नसल्याने फोटो धूसर येत नाही. उरुग्वेचे डॉक्टर राउल लेबोर्न यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस या दाबण्याचे महत्त्व दाखवून दिले.

दाब प्रत्येक फोटोच्या वेळी काही सेकंदच असतो. काहींना तो नुसता घट्ट वाटतो, काहींना चांगलाच दुखतो. असह्य झाले तर तसे सांगावे, तंत्रज्ञ दाब कमी करू शकते. दाबल्यामुळे कॅन्सर होतो किंवा असलेला पसरतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

४. दाट स्तन म्हणजे काय?

ज्या स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त, त्याला अहवालात 'डेन्स' म्हणजे दाट म्हटलेले असते. हे हाताने चाचपून कळत नाही, फोटोतच दिसते. तरुण वयात स्तन बहुधा दाट असतात. पाळी गेल्यानंतर अनेकींमध्ये चरबीचे प्रमाण वाढते, पण सर्वांमध्ये नाही.

दाटपणा हा आजार नाही, पण त्याने अडचण होते. पांढरा खडा मसुरीत चटकन दिसतो, तांदळात लपतो. तशीच पांढरी गाठ पांढऱ्या ग्रंथींमध्ये झाकली जाऊ शकते. शिवाय दाट स्तनांमध्ये कॅन्सरचा धोकाही काहीसा जास्त असतो. अहवालात दाटपणा ए, बी, सी आणि डी अशा चार पायऱ्यांत लिहितात. ए म्हणजे जवळजवळ पूर्ण चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. सी किंवा डी असेल तर सोनोग्राफीची जोड द्यावी का, हे डॉक्टरांना विचारणे योग्य. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिच्या स्तनांच्या दाटपणाची माहिती देणे केंद्रांना बंधनकारक झाले आहे.

काही केंद्रांत 'थ्री-डी' मॅमोग्राफीची सोय असते. तिला टोमोसिंथेसिस म्हणतात. यात किरणांची नळी स्तनाभोवती कमानीत फिरून अनेक कोनांतून फोटो घेते आणि संगणक त्यांतून पातळ थरांची चित्रे तयार करतो. एकावर एक आलेल्या ऊतींमुळे होणारा गोंधळ त्यामुळे कमी होतो. ही सोय नसेल म्हणून नेहमीची डिजिटल मॅमोग्राफी टाळण्याचे कारण नाही.

५. कोणी आणि किती वर्षांनी करावी?

या प्रश्नाला जगभर एकच उत्तर नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणे येते. जागतिक आरोग्य संघटनेचा भर ५० ते ६९ या वयोगटावर आहे, आणि तोही जिथे यंत्रे, तज्ज्ञ आणि पुढच्या उपचारांची सोय आहे अशा ठिकाणी. कारण स्क्रीनिंगचा फायदा वयाप्रमाणे बदलतो. पन्नाशीनंतर कॅन्सरचे प्रमाण जास्त असते आणि फोटोही स्वच्छ येतो. चाळिशीच्या आत याच्या उलट स्थिती असते.

भारतात सर्व स्त्रियांसाठी मॅमोग्राफीचा सरकारी कार्यक्रम नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने दर पाच वर्षांनी हाताने तपासणी करावी असे आहे. या पद्धतीचा मोठा अभ्यास मुंबईतच झाला. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांना दोन गटांत विभागले. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा हाताने तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आत मात्र ठोस फरक दिसला नाही. जवळपास मॅमोग्राफीची सोय नसेल तर प्रशिक्षित हाताने केलेली तपासणीही उपयोगाची आहे, हे यातून दिसते.

आई, बहीण किंवा मुलीला, विशेषतः कमी वयात, स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर झाला असेल, बीआरसीए जनुकात दोष आढळला असेल किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशन दिले गेले असेल, तर हे सर्वसाधारण वेळापत्रक लागू होत नाही. अशा स्त्रियांना तपासणी लवकर सुरू करून तिला एमआरआयची जोड देण्याचा सल्ला दिला जातो. तक्रार असेल तर वयाची वाट पाहायचीच नाही. तिशीच्या आत गाठ लागली तर बहुधा आधी सोनोग्राफी करतात. चाळिशीनंतर मॅमोग्राफीने सुरुवात होते. पुरुषांनाही क्वचित स्तनाचा कॅन्सर होतो आणि गाठ आली तर त्यांचीही मॅमोग्राफी केली जाते.

६. तयारी

पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी पाळी येण्याआधीचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत स्तन जड आणि हुळहुळे असतात. पाळी येऊन गेल्यानंतरचा आठवडा सोयीचा. गाठीची तपासणी असेल तर मात्र या कारणाने लांबवू नये.

तपासणीच्या दिवशी काखेत आणि छातीवर डिओडरंट, टाल्कम पावडर, क्रीम किंवा तेल लावू नये. त्यांतले काही कण फोटोत कॅल्शियमच्या कणांसारखे दिसून उगाच शंका निर्माण होते. लावले असेल तर ओल्या कापडाने पुसून टाकता येते. कमरेच्या वरचे कपडे उतरवावे लागतात, म्हणून साडी-ब्लाऊज किंवा कुर्ता-सलवार सोयीची. गळ्यापासून पायांपर्यंत एकसंध असलेला पोशाख गैरसोयीचा. मंगळसूत्र आणि गळ्यातले इतर दागिने काढावे लागतात, ते शक्यतो घरीच ठेवावेत. उपाशी राहण्याची गरज नसते आणि नेहमीची औषधेही चालू ठेवायची असतात.

पूर्वीच्या मॅमोग्राफीचे फोटो किंवा सीडी आणि अहवाल बरोबर न्यावेत. तीच सावली पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतही तशीच असेल तर चिंता मिटते. नवी असेल तर तिच्याकडे लक्ष जाते. जुने फोटो नसल्यामुळेच काही जणींना विनाकारण पुन्हा बोलावले जाते.

तंत्रज्ञाला पुढील गोष्टी न विचारता सांगाव्यात :

- गरोदर असल्याची शक्यता. मूल अंगावर पीत असल्यास तेही (तपासणीच्या थोडे आधी पाजले तर दाब कमी दुखतो)
- स्तनावर झालेली शस्त्रक्रिया, बायोप्सी किंवा बसवलेले इम्प्लांट. इम्प्लांट असल्यास जादा फोटो घ्यावे लागतात
- गाठ, दुखणे किंवा बदल कोणत्या बाजूला, कधीपासून
- चालू असलेले हार्मोनचे उपचार आणि कुटुंबातील कॅन्सर
- नुकतीच दंडावर घेतलेली लस, कारण लसीमुळे त्या बाजूच्या काखेतील गाठी काही काळ सुजू शकतात

७. खोलीत काय घडते?

तंत्रज्ञ बहुतेक केंद्रांत स्त्री असते. खात्री हवी असेल तर वेळ घेतानाच विचारावे. गाऊन घालून यंत्रासमोर उभे राहायचे असते. उभे राहता येत नसेल तर बसूनही फोटो घेता येतात. प्रत्येक स्तनाचे दोन फोटो, म्हणजे एकूण चार : एक वरून खाली आणि एक तिरपा, ज्यात काखेकडचा भागही येतो. मोठा तीळ, जुना व्रण किंवा गाठीची जागा दाखवण्यासाठी त्वचेवर खुणेची चिकटपट्टी लावतात. फोटो घेताना क्षणभर श्वास रोखायला सांगितले जाते. सगळे मिळून पंधरा ते वीस मिनिटे लागतात. एखादा फोटो पुन्हा घेतला किंवा रेडिओलॉजिस्टने लगेच सोनोग्राफी सुचवली म्हणजे काही वाईट दिसले, असे नाही. आपल्याकडे अनेक केंद्रांत दोन्ही तपासण्या एकाच भेटीत उरकतात.

८. किरणांची भीती कितपत खरी?

जमिनीतून, हवेतून आणि अवकाशातून प्रत्येक माणसाच्या अंगावर नैसर्गिक किरणोत्सर्ग सतत पडत असतो. जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. १२ महिन्यांनी भागले तर महिन्याला ०.२ मिलिसिव्हर्ट. चार फोटोंच्या मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट एवढे किरण लागतात, म्हणजे निसर्गाकडून दोन महिन्यांत मिळतात तेवढेच. धोका शून्य नाही, पण योग्य वयात होणाऱ्या फायद्यापुढे तो फार लहान आहे. उगाच वारंवार किंवा फार लहान वयात तपासणी करू नये, याचे हेही एक कारण. भारतात क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. केंद्राकडे त्याचा परवाना आहे का, हे विचारता येते.

किरण नाहीत, दाबणे नाही, असे सांगून काही ठिकाणी शरीराची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची तपासणी, म्हणजे थर्मोग्राफी, केली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती मॅमोग्राफीचा पर्याय नाही, असे स्पष्ट केले आहे.

९. अहवालातील आकडा

मॅमोग्राफीच्या अहवालाच्या शेवटी 'बाय-रॅड्स' आणि पुढे एक आकडा असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने तयार केलेली ही पद्धत आता भारतातही रुळली आहे. हा आकडा कॅन्सरचा टप्पा सांगत नाही. शंका किती आहे आणि पुढे काय करायचे, एवढेच तो सांगतो.

- ० : माहिती अपुरी, आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुने फोटो हवेत
- १ : काही आढळले नाही
- २ : साधा, निरुपद्रवी बदल
- ३ : बहुधा साधा बदल, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे
- ४ : संशय, बायोप्सी हवी
- ५ : कॅन्सरची शक्यता ९५ टक्के किंवा अधिक, बायोप्सी हवी
- ६ : बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला कॅन्सर

सर्वांत जास्त घबराट ४ या आकड्याने होते. त्याची व्याप्ती फार मोठी, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत आहे. म्हणून त्याचे ४ए, ४बी आणि ४सी असे भाग करतात. ४ए मध्ये शक्यता १० टक्क्यांपर्यंतच असते, म्हणजे अशा दहा स्त्रियांपैकी निदान नऊ जणींची गाठ साधी निघते. ३ असलेल्यांनी मात्र हायसे वाटून सहा महिन्यांची तारीख विसरू नये.

१०. पुन्हा बोलावले तर

अमेरिकेतील स्क्रीनिंगच्या अनुभवावरून एक ढोबळ हिशेब मांडता येतो. तक्रार नसलेल्या १,००० स्त्रियांची मॅमोग्राफी झाली, तर सुमारे १०० जणींना जादा तपासणीसाठी बोलावले जाते. त्यांतल्या बहुतेकींचे शंकानिरसन आणखी फोटो किंवा सोनोग्राफीनेच होते, थोड्याजणींना बायोप्सी लागते आणि सुमारे ५ जणींना कॅन्सर निघतो. म्हणजे पुन्हा बोलावलेल्या प्रत्येक २० जणींपैकी १९ जणींना कॅन्सर नसतो. भारतात या आजाराचे प्रमाण त्या देशापेक्षा कमी असल्याने तेवढ्याच तपासण्यांतून सापडणारे कॅन्सर आणखी कमी असतील.

बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढणे आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने कित्येक जणी ती टाळतात. सुईच्या बायोप्सीमुळे रुग्णाचे आयुष्य घटते, असा पुरावा नाही. घाईने गाठ कापून काढायची आणि मग ती कसली होती हे पाहायचे, या क्रमात मात्र नुकसान होऊ शकते. निदान न होता केलेली शस्त्रक्रिया अपुरी पडते आणि दुसऱ्यांदा करावी लागू शकते.

११. मॅमोग्राफीच्या मर्यादा

या तपासणीतून काही कॅन्सर निसटतात. अमेरिकेतील आकडेवारीनुसार असलेल्या दर १०० कॅन्सरपैकी सुमारे ८७ तिच्यात पकडले जातात. दाट स्तनांत त्याहून कमी. शिवाय दोन तपासण्यांच्या मधल्या काळात वेगाने वाढणारी गाठ येऊ शकते. म्हणून मागच्या महिन्याचा अहवाल चांगला असला, तरी आज नवी गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

दुसरी मर्यादा उलट दिशेची आहे. काही कॅन्सर इतके संथ असतात की ते सापडले नसते, तर त्या स्त्रीला आयुष्यभर त्रास झाला नसता. कोणता संथ राहील हे निदानाच्या वेळी ओळखता येत नसल्याने उपचार सर्वांवर होतात. ब्रिटनमधील स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये याचा हिशेब मांडला. पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना २० वर्षे स्क्रीनिंगला बोलावले, तर सुमारे ४३ जणींचा स्तनाच्या कॅन्सरने होणारा मृत्यू टळतो आणि सुमारे १२९ जणींना एरवी कधीच न कळलेल्या कॅन्सरचे उपचार घ्यावे लागतात. समितीच्या मते फायदा मोलाचा आहे आणि स्क्रीनिंग चालू राहावे, पण दोन्ही आकडे स्त्रियांना आधी सांगितले जावेत.

तक्रार नसलेल्या स्त्रीने हे आकडे, स्वतःचे वय आणि घराण्यातील आजार लक्षात घेऊन, डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यायचा असतो. तक्रार असलेल्या स्त्रीसाठी असा हिशेब नाही. तिने लगेच तपासणी करून घ्यावी. दोघींनीही केंद्रातून निघताना तीन गोष्टी मिळाल्या आहेत का, हे पाहावे : बाय-रॅड्सचा आकडा आणि दाटपणा लिहिलेला अहवाल, फोटोंची प्रत, आणि पुढे कधी व कोणाकडे जायचे याचे स्पष्ट उत्तर.